कडेवरचे मूल
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रीवर काढलेला अनुबोधपट हा काही दिवेलागणीनंतर घरच्या मंडळींसह ऐकण्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु असे चित्रपट आज घरोघर पाहिले जातात आणि त्यांतली पात्रे आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. तेव्हा असा चित्रपट आपल्याला काय दाखवतो आणि काय दाखवायचे राहून जाते, याचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही. आमच्या इब्रामपूरसारख्या, पेडणे तालुक्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेल्या गावातल्या माणसालाही हा विषय वाटतो तितका परका नाही, हेही बोलण्याच्या ओघात ध्यानात येईल.

या जातीच्या अनुबोधपटांत ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, ते निक ब्रूमफील्ड या इंग्रज दिग्दर्शकाचे दोन चित्रपट होत. पहिला १९९२ सालचा, दुसरा २००३ सालचा. दोन्ही आयलीन वुर्नोस या अमेरिकन स्त्रीविषयी आहेत. फ्लॉरिडा राज्यातल्या हमरस्त्यांवर देहविक्रय करून जगणाऱ्या या बाईने १९८९ आणि १९९० या दोन वर्षांत सात पुरुषांना गोळ्या घालून ठार मारले. त्यांपैकी सहा खुनांबद्दल तिला मृत्युदंड झाला आणि ९ ऑक्टोबर २००२ रोजी विषारी इंजेक्शन देऊन तो अमलात आणला गेला.

ब्रूमफील्ड यांच्या पहिल्या चित्रपटाचा रोख खुनांपेक्षा खुनांच्या व्यापारावर आहे. तिची मुलाखत मिळवून देण्यासाठी तिच्या भोवतीची माणसे पैसे मागतात. तिच्या कथेचे हक्क विकण्याच्या वाटाघाटींत खुद्द तपास करणारे पोलीसही गुंतलेले असावेत असा संशय उभा राहतो. आणि बाई मात्र कोठडीत बसून आहे. दुसऱ्या चित्रपटाची हकीकत आणखी विलक्षण. पहिल्या चित्रपटातल्या चित्रणामुळे दिग्दर्शकालाच न्यायालयात साक्षीस पाचारण झाले आणि तो पुन्हा त्या प्रकरणात ओढला गेला. मृत्युदंडाच्या आदल्या दिवशी त्याने तिची अखेरची मुलाखत घेतली. तीन मनोविकारतज्ज्ञांनी तिला शुद्धीवर असल्याचा निर्वाळा दिलेला होता. पण पडद्यावर दिसणारी ती बाई, तिचे ते विस्फारलेले डोळे आणि तुटक, भरकटणारे बोलणे पाहिल्यावर त्या निर्वाळ्यावर विश्वास ठेवणे प्रेक्षकाला जड जाते.

हे चित्रपट प्रामाणिक आहेत यात शंका नाही. तरीही ते पाहून उठताना आपल्याला त्या बाईचा चेहरा, तिचा आवाज, तिचे दुर्दैवी बालपण सारे आठवते. ते सात पुरुष कोण होते, त्यांच्या घरी कोण वाट पाहत बसले होते, हे मात्र क्वचितच आठवते. हा एका दिग्दर्शकाचा दोष नव्हे. कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूसच बसू शकते. मेलेल्याची मुलाखत घेता येत नाही. त्यामुळे या जातीच्या चित्रपटाचे केंद्र आपोआपच मारणाऱ्याकडे सरकते.

आता आपल्याकडे वळू. मराठी मुलुखात या विषयाला सर्वांत जवळचे प्रकरण कोल्हापूरचे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, ही नावे १९९६ सालच्या हिवाळ्यात महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली होती. या तिघींचा धंदा चोरीचा. देवळांत, जत्रांत, मिरवणुकांत, एस. टी. च्या स्थानकांवर, जेथे जेथे गर्दी तेथे तेथे जाऊन बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या आणि लोकांची पाकिटे मारायची. या धंद्यात पकडले जाण्याचे भय सदाचेच. त्यावर त्यांनी जो उपाय शोधला, तो ऐकून आजही अंगावर काटा उभा राहतो. त्यांनी लहान मुले पळवून आणण्यास सुरुवात केली.

मुले कशासाठी? तर कडेवर मूल असलेल्या बाईचा कुणी संशय घेत नाही म्हणून. आणि तरीही हात पकडला गेलाच, तर त्या मुलाला काही इजा करून लोकांचे लक्ष तिकडे वळवता येते म्हणून. १९९० साली कोल्हापुरात घडले ते असे. एका भिकारणीचे दीड-दोन वर्षांचे तान्हे मूल या बायकांनी उचलून आणले होते. महालक्ष्मीच्या देवळाच्या परिसरात पाकीट मारताना सीमा पकडली गेली. लोक जमले. त्या क्षणी अंजनाबाईने ते मूल जमिनीवर आपटले. मुलाला लागले, रक्त आले, लोकांचा राग विरघळला, आणि बाया निसटल्या. पण जखमी मूल रडायचे थांबेना. रडण्याने लोकांचे लक्ष वेधले जाईल, या भयाने त्या बाळाचे डोके लोखंडी खांबावर आपटून त्याचा जीव घेण्यात आला.

यापुढचे तपशील मी सांगणार नाही. जून १९९० पासून ऑक्टोबर १९९६ पर्यंत तेरा मुले पळवल्याचा आणि त्यांतल्या नऊ मुलांना ठार मारल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती. काहींना त्यांनी जिवंत सोडून दिले. उपयोग होता तोवर मूल सांभाळायचे, आणि ते आजारी पडले, रडू लागले वा अडचणीचे झाले की संपवायचे, असा हा क्रम सहा वर्षे चालला.

सहा वर्षे! श्रोतेहो, माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा या दोन शब्दांत आहे. कोल्हापूर, पुणे, ठाणे, कल्याण, मुंबई, नाशिक अशा निरनिराळ्या ठिकाणांहून मुले नाहीशी होत होती. एका ठाण्यातल्या नोंदीचा दुसऱ्या ठाण्यातल्या नोंदीशी मेळ कुणी घातला नाही. आणि काही मुले तर अशी, की ज्यांच्या आयांचे रडणे ठाण्याच्या पायरीपर्यंतही पोहोचले नसेल. देवळाच्या दाराशी बसून भीक मागणाऱ्या बाईचे मूल हरवले, तर ती कुणाला सांगणार, आणि सांगितले तर तिचे ऐकणार कोण?

मग हे प्रकरण उजेडात आले कसे? तेही पाहण्याजोगे आहे. अंजनाबाईच्या नवऱ्याने तिला सोडून दुसरा संसार थाटला होता. त्या संसारातली नऊ वर्षांची मुलगी १९९५ साली सूडापोटी पळवली गेली आणि मारली गेली. पुढल्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीवर या बायकांची नजर गेली. पण या खेपेस मुलीच्या आईला संशय कुणाचा घ्यायचा हे पक्के ठाऊक होते. तिने पोलिसांत धाव घेतली, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये तिघींना अटक झाली. घराच्या झडतीत लहान मुलांचे कपडे सापडले आणि मग एकेक जुनी गोष्ट बाहेर येऊ लागली. रेणुकेचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे, खुनी बाई ओळखीची निघाली म्हणून शोध लागला. अनोळखी गरिबांच्या ज्या मुलांपासून हे सारे सुरू झाले होते, त्यांच्यासाठी शोध लागला नव्हता.

खटल्याची हकीकत आता थोडक्यात सांगतो. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच १९९७ साली कैदेत मरण पावली. दोघी बहिणींवरील खटल्यात सरकारपक्षाने दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले. २८ जून २००१ रोजी कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघींना फाशीची शिक्षा सुनावली. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. नऊ खुनांच्या आरोपांपैकी शेवटपर्यंत टिकले ते पाच. त्या स्त्रिया आहेत, याखेरीज शिक्षा सौम्य करावी असे कोणतेही कारण सर्वोच्च न्यायालयाला आढळले नाही.

यानंतरचा भाग मात्र त्या बहिणींचा नसून आपल्या राज्यकारभाराचा आहे. त्यांनी दयेचे अर्ज केले. राज्यपालांनी ते फेटाळले, आणि २०१४ च्या जुलैमध्ये राष्ट्रपतींनीही फेटाळले. या अर्जांचा निकाल लागण्यास किती काळ जावा? सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवस! हा हिशेब मुंबई उच्च न्यायालयानेच १८ जानेवारी २०२२ च्या निकालात मांडला, आणि त्या विलंबाचे खापर मुख्यतः राज्य शासनाच्या ढिलाईवर फोडले. गुन्ह्याच्या अमानुषपणाविषयी न्यायालयाच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. परंतु गळ्याभोवतीचा दोर कधी आवळला जाईल याची वर्षानुवर्षे वाट पाहावयास लावणे ही वेगळीच शिक्षा झाली, आणि असा अकारण विलंब फाशी रद्द करण्यास पुरेसा ठरू शकतो, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात घालून दिलेला होता. त्यास अनुसरून दोघींची फाशी रद्द होऊन तिची जन्मठेप झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. मात्र ही जन्मठेप नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंतची असेल आणि तीत सूट मिळणार नाही, असे स्पष्ट केले. दयेच्या अर्जांचा निकाल राज्यांनी शक्य तितक्या लवकर लावावा, असेही बजावले.

पहिल्यांदा मुले हरवली तेव्हा ठाण्यांतल्या नोंदी एकमेकींना भेटल्या नाहीत. शेवटी कचेऱ्यांतली कागदपत्रे वेळेवर पुढे सरकली नाहीत. मधली वीस-पंचवीस वर्षे आपण सारे त्या दोन बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिलो. प्रारंभीची हेळसांड आणि अखेरची हेळसांड यांच्यात काही नाते आहे, हे मात्र फारसे कुणाला दिसले नाही.

या प्रकरणावर चित्रपट निघाला नसता तरच नवल. २०१९ साली ‘पोशम पा’ नावाचा हिंदी चित्रपट आला. माहितीपट काढणारे दोघे जण तुरुंगात जाऊन या बहिणींशी बोलतात, अशी त्याची बांधणी आहे. लहान मुलांच्या एका खेळावरून त्याला नाव दिलेले आहे. परंतु खेळ मुलांचा असला तरी पडद्यावरचे प्रयोजन आई आणि मुली यांच्यातल्या विकृत नात्याचे आहे. आईने मुलींना असे का घडवले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, यात वाद नाही. स्त्रीने, त्यातून आईने, लेकराचा जीव घ्यावा, ही कल्पनाच आपल्या संस्काराला इतकी धक्का देणारी आहे की आपण तिच्याभोवतीच घोटाळत राहतो. आणि हेही विसरू नये की याच संस्काराचा त्या बायकांनी ढालीसारखा उपयोग केला. कडेवर मूल असलेली बाई आपल्याला देवीच्या जागी वाटते; म्हणून तर ते मूल तिचे आहे का, असे आपण तिला कधी विचारले नाही.

मी जर उद्या अशा अनुबोधपटाचा कर्ता असतो, तर येरवड्याच्या तुरुंगाच्या दाराशी कॅमेरा घेऊन उभा राहिलो नसतो. मी कोल्हापूरच्या देवळाच्या पायऱ्यांपाशी गेलो असतो. तेथे १९९० साली कोण बसत होते, कुणाचे मूल त्या दिवशी सापडेना, त्या आईने कुणाला विचारले आणि तिला काय उत्तर मिळाले, हे विचारले असते. त्या मुलांची नावे न्यायालयाच्या कागदांत नोंदलेली आहेत. मी ती येथे उच्चारत नाही, कारण त्यांचे आप्त हयात असतील आणि त्यांच्या दुःखाची दवंडी पिटण्याचा अधिकार मला नाही. पण त्या नावांची कुणी तरी आठवण ठेवली पाहिजे, एवढे मात्र खचित.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, की हे सारे घाटापलीकडचे. गोमंतकाशी त्याचा संबंध काय? तर संबंध असा. २००९ साली शिरोड्याच्या महानंद नाईक नावाच्या माणसाला अटक झाली. लग्नाचे आमिष दाखवून बायांना एकान्तात न्यायचे, दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि दागिने काढून घ्यायचे, अशी त्याची रीत. १९९४ पासून सोळा स्त्रियांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर आले. काही खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला, काहींत त्याला जन्मठेप झाली. तो पुरुष होता, त्या स्त्रिया होत्या. हेतू मात्र एकच, चार दागिन्यांचा. आणि येथेही पंधरा वर्षे गेली! का गेली? मरणाऱ्या मुली गरीब घरच्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या. मुलगी घरी परतली नाही, तर ती कुणाबरोबर निघून गेली असावी, बभ्रा करून घराण्याची अब्रू कशाला घालवा, असा विचार घरच्यांनी केला. आणि घरच्यांनीच तगादा लावला नाही, तर बाहेरच्यांनी शोध का घ्यावा? कोल्हापूरच्या देवळाच्या पायरीवरची गोष्ट फोंडा महालातही घडली, ती अशी.

गोमंतकाचा या विषयाशी आणखी एक जुना ऋणानुबंध आहे. पोर्तुगालने १ जुलै १८६७ च्या कायद्याने नागरी गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा रद्द केली, आणि पुढे ती सूट समुद्रापलीकडच्या प्रांतांनाही लागू झाली. त्या काळी वेंगुर्ल्यासारख्या ब्रिटिश मुलुखात खुन्याला फाशी होती. अलीकडे पेडण्याच्या हद्दीत मात्र ती नव्हती. परकी सत्ता ही परकीच, आणि तिच्या तुरुंगांनी देशभक्तांचे काय केले ते आपण विसरलेलो नाही. पण फाशीचा दोर नसतानाही लोक नांदू शकतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले होते. १९६१ च्या मुक्तीनंतर भारताचा कायदा येथे आला आणि त्याबरोबर फाशीही आली. आज कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींची फाशी ज्या मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, त्याचेच एक खंडपीठ पर्वरीस बसते.

फाशी असावी की नसावी, हा वाद मोठा आहे आणि दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. ज्याचे मूल गेले त्याने दोर मागितला, तर त्याला दोष देण्याचे धैर्य मला होणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की दोर लांब असो की आखूड, तो गुन्हा घडून गेल्यानंतरचा उपाय. दुसरे मूल नाहीसे झाले तेव्हाच कुणी पहिल्याची चौकशी केली असती, तर पुढली अकरा मुले त्या हातांत सापडली नसती. हे काम फाशी करू शकत नाही. ते काम ठाण्यातल्या हवालदाराच्या नोंदवहीचे आहे, आणि त्याआधी शेजाऱ्याचे आहे.

या बाबतीत काही सुधारणा झाली आहे, हे सांगितले पाहिजे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असावे असे गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवला पाहिजे. ‘आले असेल मावशीकडे, उद्या या’ असे सांगून आईला परत पाठवण्याची मुभा आता कोणत्याही ठाण्याला नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यास पैसे पडत नाहीत. हे ठाऊक असणाऱ्याने ठाऊक नसणाऱ्याला सांगावे, कारण ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे, तेच बहुधा नभोवाणी ऐकावयास मोकळे नसतात.

थोड्याच दिवसांत आपल्याकडे जत्रांचे दिवस येतील. पेडण्या-डिचोलीतल्या गावोगावी सातेरीच्या, माउलीच्या प्रांगणात रात्री दशावतार रंगेल; खाज्याची दुकाने लागतील; बायका मुलांना चादरीवर निजवून नाटक पाहत बसतील. या जत्रांना दूरदूरची माणसे येतात. कुणी फुगे विकतो, कुणी पाळणा फिरवतो, कुणी दाराशी हात पसरून बसते. त्यांचीही मुले तेथेच कुठे तरी धुळीत खेळत असतात. आपले मूल दिसेनासे झाले तर सारा गाव कंदील घेऊन धावतो. देवस्थानच्या ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव, सदऱ्याचा रंग पुकारला जातो. त्या परक्या बाईचे मूल दिसेनासे झाले, तर तेच कंदील, तोच ध्वनिक्षेपक तिच्यासाठीही असला पाहिजे. तो तिला मिळतो की नाही, हे देवस्थानच्या मंडळींनी यंदा मुद्दाम पाहावे, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.